नवख्याचे प्रश्न

प्रिय दादा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. आपण दोघं वेबसाइट बनवायच्या ज्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवर पोट भरतो, त्याची नवी आवृत्ती आली. पूर्वी एक आकडा बदलला तरी पडद्याचा तो सबंध भाग नव्याने रेखाटला जायचा. आता जेवढं बदललं तेवढंच बदलतं. जुने धडे एका फटक्यात शिळे झाले.
२. शिकणाऱ्यांसाठी मी वेबसाइटवर ठेवलेले मोफत धडे नव्याने लिहायला घेतले.
३. धड्यांखाली ‘नवखा’ या नावाने कुणीतरी प्रश्न विचारू लागलं.
४. त्याचा प्रत्येक प्रश्न नेमका माझ्या चुकीवर बोट ठेवणारा होता.

चौथ्या मुद्द्यापाशी मला वास आला. नवखी माणसं कशी विचारतात ते मला ठाऊक आहे. ‘मॅडम, चालत नाहीये’ एवढं लिहून ती गायब होतात. इन्स्टॉल करतानाच अडकतात. जुन्या व्हिडिओतलं अर्धं आणि माझ्या धड्यातलं अर्धं एकत्र करतात, वर एआयने सांगितलेलं तिसरंच काहीतरी चिकटवतात. हा नवखा कधी अडकलाच नाही. दर वेळी सुरुवात ‘मला कमी कळतं, पण’, आणि ‘पण’नंतर थेट वर्मावर. इतकी नम्रता मला पचत नाही. आधी वाटलं, एखादी फी घेऊन शिकवणारी संस्था माझ्याकडून धडे फुकटात सुधारून घेऊन मग ते उचलत असेल. शोधलं, तसं काही नव्हतं. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा संशय आला. पण तो तोंडावर टोमणे मारतो, त्याला टोपणनाव कशाला हवं?

मग मी सापळा लावला. पडद्यावर चालतं घड्याळ बनवायच्या धड्यात मुद्दाम दोन चुका ठेवल्या. एक ढोबळ: फाइलचं नाव चुकीचं. दुसरी बारीक: घड्याळ पडद्यावरून काढल्यावर आतला टायमर थांबवायचाच नाही. वरून काहीच दिसत नाही. घड्याळ गेलेलं असतं, आत मात्र ते चालूच राहतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी पहिल्या चुकीवरून गिल्ला केला. नवख्याने एकट्याने विचारलं, ‘मला कमी कळतं, पण घड्याळ काढून टाकल्यावर त्याला थांब असं कुणी सांगतं का?’ फाइलच्या नावाबद्दल चकार शब्द नाही. ते त्याने सवयीने सुधारून घेतलं होतं आणि तो पुढे गेला होता. हा नवखा असेल तर मी अंतराळवीर आहे. (दोन्ही चुका मी लगेच काढल्या. लोकांचा वेळ वाया घालवणं बरं नव्हे.)

असा कमीपणा घेणारा माणूस मी एकच पाहिला आहे. बुद्धिबळात तू वजीर उघडा ठेवायचास आणि वर म्हणायचास, ‘अरेच्चा, हे कसं झालं बुवा?’ मी जिंकून घरभर नाचायचे. मग एकदा तुला मित्राशी खेळताना पाहिलं. तिथे तुझा वजीर एकदाही उघडा पडला नाही. तेव्हापासून मी तुझ्या प्रत्येक हरण्याची चौकशी करायला लागले आणि तू माझं नाव फौजदार ठेवलंस. पुढे एकाच ऑफिसात आलो. माझं काम वरिष्ठांकडे जायच्या आत तू ते गुपचूप नीट करायचास आणि शाबासकी मला मिळायची. ते कळलं त्या दिवशी मी राजीनामा दिला. त्यानंतर आपण आईमार्फतच बोलतो. परवा ती फोनवर म्हणाली, ‘निरोप्या केलायत ना माझा, मग पगार तरी ठरवा.’ मी हसले नाही. फोन ठेवल्यावर हसले.

लिहिण्याचं कारण असं. फ्रेमवर्क बनवणाऱ्या मंडळींनी माझे धडे वाचले आणि नव्या आवृत्तीचं अधिकृत मार्गदर्शक लिहायचं काम मला देऊ केलं. शनिवारी त्यांना कळवायचं आहे. मला ते काम फार हवं आहे. पण त्यांना आवडलेल्या धड्यांत माझं किती आणि नवख्याचं किती, हे कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. दुसऱ्याने उघड्या ठेवलेल्या वजिरावर पुन्हा नाचायचं नाही. सोबत पहिलं प्रकरण पाठवते आहे. त्याला नवख्याने हात लावायचा नाही, तू वाच. चुकलं असेल तिथे ‘हे चुकलंय’ असं सरळ लिही आणि खाली स्वतःचं नाव घाल. तसं केलंस तर मी त्यांना सांगेन की लिहिते मी, चुका काढतो माझा भाऊ, आणि दोन्ही नावं छापा. शुक्रवारपर्यंत उत्तर दे. आईमार्फत नको.

तुझीच,
फौजदार