ओढ्याकाठची माती

पुणे, ११ फेब्रुवारी १९९८

चि. बुद्धभूषण, जय भीम.

तू निशाला खोटी माती पाठवलीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तुझी लेक क्षारपड जमिनीवर प्रबंध लिहितेय. आपलं ओढ्याकाठचं रान पांढरं पडलंय असं तिने लिहिलं आणि तिथली माती मागितली. तू विहिरीजवळची काळीभोर धाडलीस, पाहुण्यांना चांगलं ताट वाढावं तशी! तपासणीत क्षार निघाले नाहीत. सरांनी तिला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं. पोर धड जेवत नाही.

फोनवर म्हणालास, "आक्का, आबांनी घाम गाळून घेतलेलं रान हाय. त्येला नासकं म्हणून कागदावर लिवायचं? वडगावात त्वांड कसं दाखवू?"

हो, लिहायचं. लपवून रान बरं होत नाही. आबा असते तर मातीची पाटी तुझ्याच डोक्यावर दिली असती त्यांनी.

आता ओढ्याकाठी स्वतः खण. बायकोला शेजारी उभी कर, तुझ्यावर माझा विश्वास नाही. आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही सांगू नकोस.

तुझ्यावर रागावलेली,
आक्का

गावी निघालेल्या यल्लाप्पाच्या हाती दिलं: आईच्या गुडघ्याचं तेल, रिकाम्या कापडी पिशव्या, आणि तू पाठवलेली सगळी माती.