तुळशीचं पान आणि बंद खातं

आई, सर्जापूर रोडवरच्या ऑफिसात मी काय काम करते हे तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. घरबसल्या कॉम्प्युटरवरून माल विकणाऱ्यांची खाती कंपनी कधीकधी बंद करते आणि त्यांचे पैसे अडकवून ठेवते. मग ते लोक विनवण्या लिहितात, त्या मी वाचते. ‘चुकून झालं’ असं लिहिणाऱ्यांचे पैसे बहुतेक सुटतात. ते खरं की खोटं, हे कोणी विचारत नाही. तसं वाचलं की मला तू आठवतेस, आणि आठवण काही प्रत्येक वेळी गोड नसते.

राजाजीनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात एकावेळी एकच माणूस धड उभं राहू शकायचं. त्यात तू बेसन भाजत बसायचीस आणि मी दारात बसून प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं मेणबत्तीवर चिकटवायचे. बायकांच्या सोसायटीच्या विक्री केंद्रात तुझं खातं होतं, तुझ्या एकटीच्या नावाचं. माल ठेवायचा, विकला गेला की महिन्याअखेरी हिशेब. त्या दिवाळीच्या विक्रीतून माझी कॉम्प्युटरच्या कोर्सची फी भरायची असं ठरलं होतं. जे. पी. नगरला नवीन क्लास निघाला होता. दोन बस बदलून मी एकदा तो बाहेरूनच बघून आले होते. काचेपलीकडच्या खोलीत मुली चपला काढून कॉम्प्युटरपुढं बसल्या होत्या. मला तिथं बसायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

त्या वर्षी ग्रहण नेमकं दिवाळीत आलं. लाडवांच्या पिशव्या भरून तयार, उद्या केंद्रावर न्यायच्या, आणि तू परसातल्या तुळशीची पानं खुडून आणतेस. चिकटवलेली तोंडं कापायला लावतेस. मी कुरकुरते तशी म्हणतेस, “लोकांच्या घरात लाडू ग्रहणात राहणार की गं. त्यांच्या ध्यानात नाही आलं तर? आपणच घालून देऊ या.” पानं तू धुतलीस, पदरानं पुसलीस आणि एकेका पिशवीत घातलीस. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या घरच्या ग्रहणाची काळजी वाहणारी दुकानदारीण साऱ्या बेंगळुरात तू एकटीच असशील. पानं पुरती वाळली नव्हती. आठवड्याभरात लाडवांना बुरशी धरली, आणि लोक पिशव्या घेऊन केंद्रावर परत आले.

बंद पाकिटात लेबलावर नसलेली वस्तू निघाली, म्हणून समितीनं तुझं खातं बंद केलं. दिवाळीचे सगळे पैसे अडकले. चांगल्या निघालेल्या चिवड्याचेसुद्धा. आपण दोघी भेटायला गेलो तेव्हा केंद्राच्या मॅडम खरंच चांगल्या वागल्या. तुला खुर्ची दिली, कॉफी मागवली. त्यांचं कन्नड आणि तुझं अर्धं कन्नड अर्धं मराठी, पण भांडण मात्र एकदाही झालं नाही.

“अक्का, ग्रहणात तुळस आम्हीपण घालतो हो,” त्या म्हणाल्या. “पण समितीला नियम दाखवावा लागतो. स्वल्प, थोडा विचार करा. पान चुकून पडलं, एवढी एक ओळ लिहा. पैसे मी उद्या सोडवते.”

“लाडू माझ्यामुळं बिघडले, ते लिहिते,” तू म्हणालीस. “त्यांचे पैसे कापून घ्या. पण पान चुकून कसं पडंल? मी हातानं घातलंय.”

“मला माहीत आहे. पण तसं लिहिलंत तर खातं बंदच राहील.”

मी टेबलाखालून तुझा हात दाबला. तुला कळलं होतं मी का दाबला ते. तू माझ्याकडे बघितलंस, कॉफी संपवलीस, आणि “सरी”, म्हणजे त्यांच्या कन्नडात ‘बरं’, म्हणून उठलीस.

घरी आल्यावर मी खूप बोलले. एका ओळीनं तुझं काय जाणार होतं, असं विचारलं. तू ओटा पुसत म्हणालीस, “देवाच्या पानाला कचरा म्हणून कसं लिहू गं मी?” मग आपण जेवलो. फीची तारीख गेली. पैसे कधीच आले नाहीत, आणि त्या केंद्रात तू परत पाऊल टाकलं नाहीस. मी एका कापडाच्या दुकानात बिलं करायला लागले. कॉम्प्युटरपर्यंत पोचायला मला बरीच वर्षं लागली, आणि तोवर तू नव्हतीस.

ऑफिसातल्या पुण्या-नागपूरच्या पोरींना मी ही गोष्ट सांगते. अगदी रंगवून सांगते. “काय ग्रेट होती गं तुझी आई,” त्या म्हणतात, आणि मी मान डोलावते. खोटी नाही डोलावत. तुझ्याइतकं ताठ मला कधी जमलं नाही, जमणारही नाही.

पण हे पत्र कुठं जाणार नाही, कोणी वाचणार नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या दिवशी तू खोटं लिहायला हवं होतंस, आई. माझ्यासाठी. मला आजही तसंच वाटतं.