कोरड्या आठवड्यातला पाऊस

ती. ताई,

धाकट्याचा, पाठ वाकेल तितका वाकून नमस्कार. (पाठ हल्ली बेतानंच वाकवतो. जास्त वाकलो तर काय होतं ते पुढे येईलच.) तुझं मांजर, तुझा गुडघा आणि तुझी ती न लागणारी खिडकी, तिघांची प्रकृती विचारतो. महिनाअखेरीला या तिघांमुळे तुला इकडे येता येणार नाही असं तू लिहिलं आहेस. मागच्या वर्षी दाढेनं अडवलं होतं, त्याआधी रंगाऱ्यानं. तीन वर्षं झाली तुला येऊन. या महिन्याच्या शेवटी मी वेधशाळेतून निवृत्त होतोय आणि हवामान मोजायचा शेवटचा फुगा सोडताना तू गच्चीवर हवीस, एवढा एकच माझा हट्ट आहे. पण तो जरा बाजूला ठेवतो आणि आधी माझी फजिती सांगतो.

प्रोस्टेटचं ऑपरेशन झकास झालं हे तुला कळवलं होतं. लघवीची नळी काढल्यावर काय झालं ते कळवलं नव्हतं. उठलो की थोडं, हसलो की थोडं, खुर्ची उचलली की बरंच. आमच्या कामात रोज सकाळी फुगा सोडायचा असतो आणि वारा असला की त्याच्यासोबत चार पावलं पळावं लागतं. पहिल्याच दिवशी तिसऱ्या पावलाला माझी विजार भिजली. पण ताई, गंमत सांगू, कुणाचंही लक्ष नव्हतं. गच्चीवरचे सगळे मान वर करून फुग्याकडे बघत होते. मीही बघत राहिलो. तो पांढरा ठिपका हळूहळू लहान होत होता, खाली शहरात कुणीतरी गाद्या उन्हात टाकत होतं आणि मला वाटलं, आपण असेच इथे उभे राहिलो आणि लोक असेच वर बघत राहिले तर आयुष्य तसं वाईट नाही. मग फुगा ढगात गेला आणि सगळ्यांनी माना खाली केल्या. मी फाइल पुढे धरून जिना उतरलो.

त्यानंतर मी एक हुशारी केली, पाणी पिणंच सोडलं. न भरलेली टाकी वाहणार कुठून, असा माझा शास्त्रीय विचार. चार दिवसांत आग व्हायला लागली आणि पूर्वी दोन तासांनी जावं लागायचं ते अर्ध्या तासावर आलं. शेवटी तुझ्या वहिनीनं मला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन बसवलं. बाई तरुण आहेत, बोलतात सावकाश, आणि त्यांच्या खोलीच्या खिडकीत एक मोठं झाड आहे. त्या बोलायला लागल्या की झाडाची सावली टेबलावर हलते आणि ऐकणाऱ्याला पेंग येते. त्या अर्धवट पेंगेत मी जे ऐकलं ते असं: पाणी प्यायचंच, चहा-कॉफी कमी करायची, आणि ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात (वायू अडवताना आपण जे आवळतो तेच) ते दहा मोजेपर्यंत आवळून सोडायचे, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. ऑपरेशननंतरचं हे बहुतेकांचं हळूहळू आवरतं. नाहीच आवरलं तर पुरुषांसाठी आधाराची पट्टी बसवतात, कृत्रिम झडपही असते. तोवर पॅड वापरायचे आणि लाजायचं नाही.

हे चाललं असताना तुझी वहिनी झाडाकडे बघत म्हणाली, "मला शिंकताना होतं. धाकटी झाल्यापासून." धाकटी आता सव्वीस वर्षांची आहे, ताई. सव्वीस वर्षं या बाईनं शिंक आली की दाराची चौकट धरली आणि मी समजत होतो तिला चक्कर येते. डॉक्टरीणबाईंना मुळीच नवल वाटलं नाही. बायकांमध्ये तर हे घरोघर असतं म्हणाल्या. काहींना शिंकताना-खोकताना होतं, त्यांना हेच व्यायाम, नाहीतर आत बसवायची एक मऊ कडी, नाहीतर छोटं ऑपरेशन. काहींना एकदम घाई होते आणि दारापर्यंत पोचता येत नाही, त्यांना ठरल्या वेळी जाण्याची सवय लावतात, गोळ्या देतात, फारच झालं तर मूत्राशयात इंजेक्शन. वय झालं म्हणून सोसायचं हे काही औषध नव्हे, असंही म्हणाल्या. आता आम्ही दोघं जोडीनं व्यायाम करतो. सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत गप्प बसतो. मोलकरणीला वाटतं आमचं भांडण झालंय. (माझ्या भुवया वर जातात, असं वहिनी म्हणते. भुवया आवळून काही उपयोग नाही, हेही म्हणते.)

आता खरी फजिती. बाईंनी तीन दिवसांची नोंद मागितली होती: किती प्यायलो, केव्हा गेलो, किती झालं, किती गळलं. पस्तीस वर्षं ज्यानं पाऊस मोजला त्याला हे सांगायला नको होतं. मी आमचा जुना, बाद झालेला मोजग्लास घरी नेला आणि सवयीनं नोंद केली ती आमच्याच छापील तक्त्यावर. वेळ, प्रमाण आणि शेऱ्याच्या रकान्यात 'तुरळक थेंब', 'हलकी सर', 'हसल्यानंतर अचानक जोरदार'. तो तक्ता माझ्या टेबलावर राहिला. माझा सहकारी, ज्याला आम्ही ढगोबा म्हणतो, अत्यंत तत्पर माणूस. त्यानं तो आठवड्याच्या कागदांत लावून मुख्य कचेरीला पाठवून दिला.

चौथ्या दिवशी पत्र आलं. सर्वत्र कोरडं हवामान असताना आपल्या केंद्रात दर दोन तासांनी पर्जन्यवृष्टी दिसते, पर्जन्यमापकास गळती आहे काय याचा लेखी खुलासा करावा. ढगोबा पांढराफटक पडला. मी तासभर गच्चीवर जाऊन बसलो. यंत्र बिघडलं होतं असं लिहून मोकळा झालो असतो. पण ते यंत्र पस्तीस वर्षं माझ्याशी इमानानं वागलं आहे, त्याच्या नावानं खोटं लिहायला माझा हात धजेना. लिहिलं, "गळती यंत्रास नसून निरीक्षकास आहे. उपचार चालू आहेत." सही केली, तारीख घातली. डॉक्टरीणबाई सोडल्या तर घराबाहेरच्या माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगत होतो, आणि तेही जावक क्रमांक घालून.

दोन दिवसांनी मुख्य कचेरीतल्या मोठ्या साहेबांचा फोन आला. आता आपली शोभा होणार म्हणून मी उभा राहिलो. (उभं राहिल्यावर व्हायचं ते झालं.) साहेब वाऱ्याबद्दल बोलले, आर्द्रतेबद्दल बोलले. मग हळूच म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्याल का?"

असो. माझं आता पुष्कळ बरं आहे. पाच पॅडवरून एकावर आलो. तब्येत सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं सगळं पत्र या चार ओळींसाठी लिहिलं. तीन वर्षांपूर्वी परत जायच्या दिवशी तू आमच्या आधी उठून चादर धुतलीस आणि पाण्याचा पेला लवंडला म्हणालीस. मी खुळा, तुला जड बुडाचा दुसरा पेला आणून दिला. ऑपरेशननंतर माझीही चादर भिजली आणि मीही वहिनीला पेल्याचंच सांगितलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फार उशीर लागला, ताई. माफ कर.

ता. क. दुसरा. डॉक्टरीणबाईंची मंगळवारची वेळ घेऊन ठेवली आहे. नाव सांगितलेलं नाही, 'निरीक्षकाची बहीण' एवढंच लिहिलंय. वहिनी तुझ्याबरोबर आत येईल.

ता. क. शेवटचा. तुझ्या गावाहून येणारी बस वाटेत दोनदा थांबते. काल रजा काढून दोन्ही थांबे बघून आलो. पहिल्यावर उजवीकडचं स्वच्छतागृह घे, डावीकडच्याला कडी नाही. दुसऱ्या थांब्यावर मी उभा असेन. तिथून पुढे गाडी दीड तास कुठेच थांबत नाही, आणि तेवढा वेळ एकट्यानं काढायचं मलाही धैर्य नाही.