पिशव्या तपासण्याचे दिवस

२ एप्रिल, सकाळ
गेल्या आठवड्यात लॉकडाऊन लागला. बरं झालं. आपल्या लोकांना दांडका दाखवल्याशिवाय कळत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून आजपासून गेटवर मी स्वतः उभा राहणार. शिट्टी आणली. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची. अत्यावश्यक असेल तर आत, नाहीतर वस्तू दुकानात परत.

५ एप्रिल
इंटरकॉमवरून सर्व्हे केला. लॉकडाऊन आणखी कडक हवा का? एकजात सगळे हो म्हणाले. वकीलबाईंना फक्त कामवालीपुरती सूट हवी. तिसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टला फक्त शनिवारी पत्ते खेळायला जाऊ द्यावं. बँकवाल्यांचं म्हणणं, सगळं बंद ठेवा, पण सिगारेटचं दुकान नको. थोडक्यात, शंभर टक्के पाठिंबा. मला स्वतःला न्हावी लागेल, पण गेटवर उभं राहणाऱ्याने नीटनेटकं दिसायला हवं. ते वेगळं.

८ एप्रिल
बायकोचं एकच टुमणं. मुलगी पलीकडच्या गल्लीत, दिवस भरत आलेत, पहिलटकरीण, जावई एकटा काय काय बघणार, मला जाऊ द्या. मी माझ्याच बायकोला सोडलं तर उद्या माझं कोण ऐकेल? बाळाला सरकार परवानगी देईल तेव्हा भेटू, असं स्पष्ट सांगितलं. ती उठून भांडी घासायला लागली. पटलं असावं.
खरं तर आजोबा व्हायची घाई मला तिच्यापेक्षा जास्त आहे. पण हे तिला कशाला सांगा.

११ एप्रिल
शिस्त मुरतेय. मी लिफ्टपाशी गेलो की लोक आपणहून जिन्याने जातात. डेंटिस्ट तर मला बघून भिंतीला चिकटतो आणि श्वास रोखून धरतो. आदर आदर म्हणतात तो हाच.
आज वकीलबाईंच्या पिशवीत आईस्क्रीम निघालं. अत्यावश्यक आहे की नाही यावर आम्ही अगदी समोरासमोर उभं राहून बराच वेळ वाद घातला. तेवढ्यात ते वितळलं. प्रश्न मिटला.

१४ एप्रिल
घरातही अंतर ठेवावं असं मी एकदा म्हणालो होतो. बायको तेव्हापासून हॉलमध्ये झोपते, तेही मास्क लावून. दुपारी मी लवंडलो की गच्चीत फिरायला जाते ती चहाच्या वेळेला परत. व्यायामाची गोडी उशिरा का होईना लागली. उद्यापासून मीही जाणार.

१५ एप्रिल
झोप लागली.

१९ एप्रिल
बायकोच्या अंगाला बाळाच्या पावडरचा वास. घामोळ्यांसाठी लावते म्हणाली. गच्चीत ऊन फार असणार.
मुलीला फोन केला. दमलेली वाटली. मागे मांजर ओरडत होतं. अशा दिवसांत मांजर घरात नको, असं जावयाला बजावलं. बरं म्हणाला. समजूतदार मुलगा आहे.

२३ एप्रिल
वॉचमनने अभिनंदन केलं. मी म्हटलं, श्रेय माझ्या एकट्याचं नाही, तुम्हा सगळ्यांची साथ होती. तो जरा विचित्र नजरेने बघत राहिला. कौतुक पचवणारा माणूस त्याने पाहिला नसेल.

२६ एप्रिल, संध्याकाळ
वकीलबाईंच्या पिशवीत आज लंगोट आणि टोपडं. त्यांचा मुलगा कॉलेजात. अत्यावश्यक नाही म्हणून अडवलं. त्या म्हणाल्या, तुमच्याच नातीसाठी आहे.
मला नात झाली. आठवडा उलटून गेला. हॉस्पिटलला डेंटिस्टने गाडीतून नेलं. डबे बँकवाल्यांकडून. बायको रोज पाण्याच्या पंपाशेजारच्या मागच्या दाराने मुलीकडे जाते, किल्ली वॉचमन देतो. अख्खी बिल्डिंग सामील. आधी संताप आला. मग फार वाईट वाटलं. पायरीवर बसून राहिलो.
वर येऊन बायकोला म्हटलं, नियमाचा एवढा धाक होता का? ती म्हणाली, धाक कसला डोंबलाचा. घराघराच्या पिशव्यांत हात घालता, ज्याच्या त्याच्या तोंडाशी जाऊन भांडता आणि शिट्टी फुंकायला मास्क खाली ओढता. या बिल्डिंगमध्ये सगळ्यांत धोक्याचे तुम्ही. कळलं असतं तर धावत जाऊन बाळाला उचलून घेतलं असतंत.
ते मात्र खरं आहे.

२७ एप्रिल
मुलीच्या खिडकीखाली रस्त्यावर उभा राहिलो. तिने वरून दुपटं दाखवलं. आत बाळ असणार. मुलगी फोनवर म्हणाली, दोन आठवडे गेटवर जाऊ नका, घरात बसा, मग या. बसतो म्हटलं.

२८ एप्रिल
बायको आज पुढच्या गेटने गेली, उजळ माथ्याने. मी घरात. बाळाचं नाक कोणावर गेलंय ते नीट बघून ये म्हणून सांगितलंय. वॉचमन म्हणतो नाक माझ्यावर गेलंय. डेंटिस्टच्या मते जावयावर. वकीलबाईंना ते कोणासारखंच वाटत नाही. सगळ्या बिल्डिंगचं मत आलंय. माझं तेवढं बाकी आहे.