खुर्चीची करकर

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. खोकला गेला, काळजी करू नकोस. तू पाठवलेला स्वेटर बाह्यांना आखूड होतो, पण ऊब चांगली आहे. चिमणी आता धरून उभी राहते हे वाचून फार बरं वाटलं.

बोट चालवायच्या परीक्षेत मी पास झालो, हे भावोजींनी सांगितलंच असेल. परीक्षा कॉम्प्युटरवर होते. बंद खोलीत चाक आणि गिअर खरे, समुद्र मात्र समोरच्या तीन पडद्यांवर. धुकं, लाटा, बोट धक्क्याला लावणं, सगळं नीट झालं. ‘माणूस पाण्यात’ या भागात तर पैकीच्या पैकी.

त्यात काय असतं ते सांगतो. बोट वेगात असताना अचानक एक प्रवासी पाण्यात पडतो. लगेच गिअर मोकळा करायचा आणि तो पडला त्याच बाजूला चाक फिरवायचं, म्हणजे बोटीचा मागचा भाग पंख्यासकट त्याच्यापासून लांब जातो. उशीर झाला तर पंखा त्याच्यावरून जातो. पडद्यावर नुसता लाल चौकोन येतो.

निकाल बघून शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “अरे, माणूस पडायच्या आधीच गिअर काढलास. ज्योतिषी आहेस की काय?” सगळे हसले. मीही हसलो.

ताई, बाई पार्टिशनच्या पलीकडे बसतात. माणूस पाडायचं बटण त्यांना जरा लांब पडतं. त्या पुढे वाकल्या की खुर्ची करकरते. मी ठरवून काही केलं नाही. सरावात त्या आवाजाची कानाला सवय लागली आणि हात आपोआप हलू लागला. पण कळल्यावरही मी गप्प बसलो.

रविवारी भावोजींच्या बोटीवर माझ्या पहिल्या फेरीला तू चिमणीला घेऊन अगदी पुढे बसणार, असं तू लिहिलंस. ते वाचलं आणि तो लाल चौकोन आठवला.

काल बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची उचलून बाहेर ठेवली, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बस चाकावर.”

तीनदा घेतलं. तिन्ही वेळा लाल चौकोन. शेवटी तर घाबरून चाक उलट्या बाजूला फिरवलं.

“पास झाल्याचा कागद मी मागून घेऊ, की तू देतोस?” बाईंनी विचारलं. मी दिला. आता त्या रोज उभं राहून सराव घेणार आहेत.

भावोजींनी चार लोकांत कौतुक केलंय, त्यांना तूच सांग. माझी हिंमत होत नाही. रविवारी चाक त्यांच्याच हातात राहू दे. तू मात्र ये. पुढे नको, मध्ये बस, आणि चिमणीला मांडीवरून उतरवू नकोस. मी मागे दोर घेऊन उभा असेन. तुम्हा दोघींवरून नजर हलवणार नाही.

समुद्रात खुर्ची करकरत नाही, ताई.

तुझा,
तूर्त नापास असलेला भाऊ