टाकीवरचं पांढरं धोतर

माळवाडी,
मे १९९९

चि. गोरक्षनाथ यास दाजीचे आशीर्वाद.

शेवगावी सुखरूप पोचलास असं धरून चालतो. सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि सासरेबुवांच्या स्वभावाला उतार पडो. इकडं तुझी अक्का बरी आहे, म्हणजे बोलते आहे.

पत्रास कारण तू दिवाळीला दिलेला टेबल फॅन. तक्रार गंभीर आहे, बसून वाच. काल दुपारी त्याच्या पात्यावर एक माशी बसली, दोन फेऱ्या फिरली आणि चक्कर न येता उतरून गुळाकडं गेली. खिडकीतून बघावं तर दोन्ही डोंगरांवर पवनचक्क्या गरगरताहेत, आणि घरातला पंखा मात्र माश्यांसाठी जत्रेतला पाळणा झालाय. याला विज्ञानयुग म्हणतात.

पूर्वेच्या डोंगरावरच्या चक्क्या तूच चालवतोस, तेव्हा तुला काय शिकवायचं. पण मला जे कळलं ते तुझ्याच तोंडून. चक्की वीज देण्याआधी लाईनीकडूनच उसनवारी करते. जवळ कपॅसिटर पुरेसे असले तर कमी ओढते (तुमच्या कंपनीनं अर्धेच बसवले, बाकीचे 'येणार आहेत', रुसलेल्या सुनेसारखे). एक डोंगर सुरू झाला की गावातले दिवे मान टाकतात. दोन्ही एकदम सुरू झाले तर विहिरीवरची मोटर नुसती घुमते आणि जळते. पण दोन डोंगर, दोन कंपन्या, दोन साहेब. एकानं दुसऱ्याला फोन करणं म्हणजे वरमाईनं आधी वाकणं. म्हणून आपण आपली रीत काढली. पश्चिमेच्या डोंगरावर तुझंच काम करणाऱ्या काकासाहेबानं आधी चक्क्या सुरू करायच्या. माझ्या ओट्यावरचा बल्ब मान टाकून पुन्हा वर आला की मी पाण्याच्या टाकीवर चढून माझं एकुलतं धड धोतर कठड्याला बांधायचं (खाली पट्ट्यांची चड्डी, देशसेवेसाठी), आणि ते बघून तू सुरू करायचं. काकासाहेब म्हणायचा, "दाजी, मंत्री आल्यावानी वाटतंय बगा." अख्ख्या राज्यात व्होल्टेज धोतरावर तोलणारं गाव आपलंच असावं.

त्या दिवशी मी सुप्याला बल्ब आणायला गेलो आणि धोतर आदल्या दिवसापासून टाकीवरच विसरलो. वारा उठला. काकासाहेबानं चक्क्या सुरू केल्या, तूही पांढरं बघून त्याच वेळी सुरू केल्यास. मोटर चालू होती. मी परतलो तेव्हा विहिरीपाशी जळक्या तारेचा वास होता. चूक माझी, हे मी चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलंय. तू तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस.

मोटर नगरला गुंडाळायला गेली आणि बाया विहिरीत उतरू लागल्या. पहिल्याच दिवशी भीमराजच्या आईनं, राहीबाईनं, अक्काला आपली भरलेली कळशी दिली. "न्या वैनी, भांडं सवडीनं द्या." (ज्या विहिरीच्या पायरीवर आमच्या आजोबांनी तिच्या सासऱ्याला पाय ठेवू दिला नव्हता, तिचंच पाणी. आम्ही ते गटागटा प्यालो.) दुसऱ्या दिवशी त्याच पायरीचा दगड तिच्या पायाखालून सुटला. पुढचं तुला माहीत आहे. तू कुणाच्या तोंडाकडं न बघता एसटी गाठलीस. कळशी आमच्या चुलीशेजारी राहिली. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात, आणि भरायला पाणी नव्हतं.

रविवारी राहीबाई गेल्याचा जलदानविधी आहे. भीमराज विचारत होता, "गोरख कुटं हाय? त्याला म्हनावं, ये. मानूस चुकतं, पर पळू न्हाई." तेव्हा पंखा न्यायच्या निमित्तानं का होईना, ये.

तुझा दाजी,
कारभारी

ता.क. पंखा राहू दे. माश्यांना सवय झाली आहे. त्यापेक्षा साहेबाच्या उरावर बसून उरलेले कपॅसिटर आण आणि काकासाहेबाशी सरळ फोनवर बोलत जा. धोतर यापुढं मी फक्त नेसणार आहे.

ता.क. दुसरं. हे एकट्यानं वाच आणि कागद चुलीत घाल. धोतर टाकीवर नव्हतंच. सुप्याला मी ते नेसून गेलो होतो. एकुलतं आहे म्हटलं ना. कठड्यावर राहीबाईचं पांढरं लुगडं वाळत होतं, बुद्धपौर्णिमेला नेसायचं. खाली धूळ लागेल म्हणून तिनं वर नेलेलं. मीच ते उतरवून तिला दिलं, कशापायी ते बोललो नाही. म्हणाली, "बरं झालं भाऊ, वाऱ्यानं उडून गेलं असतं." पौर्णिमेआधीच अक्कानं ते तिच्या अंगावर घातलं. भीमराजला हे आयुष्यात कळता कामा नये. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. कुणीही विचारलं तरी टाकीवर होतं ते दाजीचं धोतर.

ता.क. शेवटचं. मोटर काल परत आली. आज सकाळी नळाला पाणी आलं. कळशी चिंचेनं घासली, भरली आणि भीमराज घरात नाही असं बघून त्याच्या उंबऱ्याशी ठेवून आलो. वारा सुटला होता, म्हणून वर ताटली झाकली.