फिट आली, फिट आलं

४ मार्च

त्याने आज सांगून टाकलं. कँटीनमागच्या बाकावर. आधी घसा खाकरला, मग म्हणाला, "आपलं काही फिट बसत नाहीये गं."

मी विचारलं, "किती मायक्रॉनने?"

हसला नाही. म्हणजे खरंच.

५ मार्च

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच मला वेगळं सांगेन.

लग्न मेमध्ये ठरलं होतं. रविवारी त्याच्या घरचे आमच्याकडे आले. सगळं छान चाललं होतं. धाकट्याच्या गोळीची वेळ झाली म्हणून तो उठला. धाकटा म्हणजे माझा भाऊ — पोटात काही ठेवता येत नाही त्याला. "कसली गोळी रे?" असं कुणीतरी विचारलं. "फिट येते मला. पण वर्षभरात एकही नाही हं!" बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं त्याने.

त्याची आत्या आईकडे वळली. "मुलगी तरी फिट आहे ना?"

मी समोरच बसले होते. कप हातात. मला कुणी विचारलं नाही. आणि तो — तो बिस्किटाचा पुडा उघडत बसला. किती वेळ लागतो एक पुडा उघडायला!

काल बाकावर म्हटलं, "तू तेव्हा काहीच बोलला नाहीस." "मोठ्यांसमोर काय बोलणार?" म्हणे. हा माणूस तीस वर्षांचा आहे.

९ मार्च

एकाच कारखान्यात तो डिझाइनला, मी तपासणीला. त्यामुळे सुटका नाही. त्याची ड्रॉइंगं माझ्याच टेबलावर येतात. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ देतो. पूर्वी ती रेघ दिसली की बरं वाटायचं. किती मूर्खपणा!

आजचं काम: शाफ्ट आणि त्याचं भोक. शाफ्ट भोकापेक्षा बारीक असला तर लूज फिट, फिरतो मोकळा. किंचित जाड असला तर प्रेस फिट, दाबून बसवावा लागतो. मग तो निघत नाही.

"निघतो की!" फिटरकाका म्हणाले. "गरम करायचं, ठोकायचं. निघतो. भोकाची वाट लागते, ते सोडा."

सोडलं.

१० मार्च

आईने जेवताना विषय काढला नाही. धाकट्याने दोनदा मीठ मागितलं. मीठ त्याच्यासमोरच होतं.

१२ मार्च

धाकट्याला छापखान्यात नोकरी मिळते आहे. मुद्रितं तपासायची. चुका शोधायची हौस आहेच, आता पगारही मिळेल. अडलंय फक्त डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर. आजूबाजूला यंत्रं असतात, तेव्हा माणूस फिट असल्याचं लेखी पाहिजे. आमच्या घरात त्या सर्टिफिकेटचं नाव नुसतं ‘फिट’. "फिट आलं का?" "नाही आलं."

आज जाडजूड इंग्रजी कोश घेऊन माझ्या खोलीत आला. "ताई, तुझ्या शब्दाची वंशावळ काढली."

"माझा कुठला शब्द?"

"फिट! तुझा, माझा, त्या आत्याचा. घराणी वेगवेगळी आहेत, नाव फक्त एक. ऐक. एक फिट म्हणजे जुळणारा, योग्य. त्याच्यापुढे काय छापलंय माहितेय? ‘मूळ अनिश्चित’. म्हणजे जुळणं कुठून येतं, ते कोशवाल्यांनाही ठाऊक नाही!"

मी माप तपासायच्या गेजची डबी पुसत होते. पुसत राहिले.

"दुसरी फिट माझी. हजार वर्षांपूर्वी तिचा अर्थ झगडा, झुंज असा होता म्हणे. आणि तिसरी तर खासच. गाण्याचा, कवितेचा एक खंड. एक फिट संपली की दुसरी सुरू. म्हणजे मला झटके येत नाहीत, ताई. मी कडवी म्हणतो!"

"कडवी म्हणताना कुणी जीभ चावत नाही."

एवढा हसला की कोश पडला पायावर. माझ्या.

"आणि आपलं फिटणं? पार उलटं! त्यांचं फिट झालं की बसतं, आपलं फिटलं की सुटतं. ऋण फिटतं. संशय फिटतो. हौस फिटते. नेसूचं—"

"पुरे!" आतून आई.

जाता जाता दारातून म्हणाला, "एक मात्र लक्षात ठेव. फिट आली म्हणजे वाईट. फिट आलं म्हणजे चांगलं. लिंग सांभाळायचं!"

तो गेल्यावर लक्षात आलं — तासभर मी दुसरा कसलाच विचार केला नव्हता.

१५ मार्च

"माझ्यामुळे मोडलं ना?" आज सरळच विचारलं त्याने. कपडे वाळत घालताना, चेहरा चादरीमागे.

"नाही."

"ताई, मी गोळीचं बोललो नसतो तर—"

"तर ते मेनंतर कळलं असतं. मोडलं ते त्याच्यामुळे. तू माप दाखवलंस फक्त."

चादरीची सुरकुती त्याने दोनदा ओढून सरळ केली. मग, "म्हणजे मी गेज?" "हो. आणि आता चिमटे दे."

आणखी काही बोलायला हवं होतं. मला येत नाही तसं. त्याला कळत असेल.

१६ मार्च

काल रडले. तेव्हा लिहिलं नव्हतं.

१९ मार्च

त्याच्या ड्रॉइंगचा पहिला नग आला. चूक निघावी असं वाटत होतं. पुन्हा पुन्हा मोजलं. माप बरोबर. सही केली.

दारात भेटला. "रागावली आहेस का अजून?" मी म्हटलं, "नग पास आहे." वळून चालू लागले. जिन्यात थांबून पेनाला टोपण लावलं. माणूस गेला तर गेला, पण त्याच्याशी काय काय बोलायचं म्हणून साठवलेलं, ते कुठे ठेवायचं?

२३ मार्च

धाकट्याची तपासणी झाली. डॉक्टरांनी गोळ्या, झोप, जुने रिपोर्ट, सगळं विचारलं. "आणि शेवटची फिट कधी?" "शेवटची आहे की नाही ते माहीत नाही, पण मागची सांगतो," असं उत्तर देऊन आला. आईने कपाळाला हात लावला. सर्टिफिकेट आठवडाभरात देतो म्हणालेत.

मला ती मागची आठवते. त्याला कुशीवर वळवलं, कॉलर सैल केली, डोक्याखाली हात ठेवला, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "किती?" "एक मिनिट चाळीस." "सुधारणा आहे," म्हणाला.

३० मार्च, जेवणाच्या सुट्टीत

फिट आलं!!

आत्ताच. प्रेस मशीनच्या दणदणाटात उभी होते. स्टोअरकीपर पार त्या टोकाहून हात हलवत ओरडला, "मॅडम, घरून फोन! भावा…" — मधलं काही कळलं नाही — "…फिट आलं!" मी अंगठा दाखवला. तो तसाच बघत राहिला. मला हसताना पाहिलं नसेल कधी! तेवढ्यात त्याला ट्रकवाल्याने हाक मारली.

फिटरकाकांना सांगितलं. म्हणाले, "मग आज लवकर पळा." म्हटलं, नको, लॉट पुरा करून जाते. मोबाइल गेटवर जमा असतो, नाहीतर फोन केला असता. पण समोरच बघायचाय त्याचा चेहरा. छापखान्याला शोभेल असं चांगलं पेन घेऊन जाईन, लाल शाईचं.

तपासणीच्या खोलीत बसून लिहिते आहे. इथे आवाज येत नाही. त्या बाकाच्या दिवसापासून पहिल्यांदा जेवण चवीने गेलं. वाटतंय, होईल. माझंही होईल हळूहळू. एकाचं तरी मार्गी लागलं!

११ एप्रिल

‘आलं’ नव्हतं. ‘आली’ होती. स्टोअरकीपर शपथेवर सांगतो आहे. त्याने शपथ घ्यायची गरज नाही.

धाकटा जिन्यात पडला. आई एकटी होती, कुशीवर कसं वळवायचं ते विचारायला फोन करत होती. संध्याकाळपर्यंत होता. मी लॉट पुरा केला. पेन घेतलं.

आज टपाल आलं. त्याच्या नावाचं. डॉक्टरांकडून.

फिट.